मेंदूच्या आवरणाचा दाह आणि आपली मुले

(मंडळाच्या वर्धापनदिनानिमित्त झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आपल्या चिटणीसबाईंनी व्याख्यानाचा विषय माझ्यावर सोपविला, पण एक अट घातली. "डॉक्टरीणबाई, बायकांना घाबरवू नका, पण वर्धापनदिन आहे म्हणून नुसते गोडही बोलू नका." ही अट मला मानवली. तेव्हा अशा दिवशी सहसा कोणी काढणार नाही असा विषय मी आज काढणार आहे. लहान मुलांच्या मेंदूच्या आवरणाला जंतूंमुळे जो दाह होतो त्याविषयी मला बोलावयाचे आहे. मी बरीच वर्षे मुलांच्या वॉर्डात काढली. जे आजार आईच्या आणि आजीच्या नजरेवर सर्वांत जास्त अवलंबून असतात, त्यांत ह्याचा क्रमांक फार वरचा आहे.

नावाचा थोडा घोटाळा आहे तो आधी दूर करू. "मेंदूज्वर" ह्या एकाच शब्दाखाली आपण दोन-तीन निरनिराळे आजार घालतो. कधी प्रत्यक्ष मेंदूलाच सूज येते. ती बहुधा विषाणूंमुळे, जसा डासांवाटे येणारा जपानी मेंदूज्वर. कधी क्षयाचे जंतू मेंदूच्या आवरणात शिरतात आणि मूल दिवसेंदिवस खंगत जाते. जन्मल्याबरोबर टोचतात ती बी.सी.जी.ची लस मुलांना विशेषेकरून ह्या क्षयापासून जपते. तिसरा प्रकार म्हणजे इतर जंतूंनी आवरणाला होणारा दाह. डॉक्टर त्याला मेनिंजायटिस म्हणतात. सकाळी अंगणात खेळणारे मूल रात्री बेशुद्ध, असा त्याचा झपाटा असू शकतो. आज बोलावयाचे ते ह्या तिसऱ्याविषयी.

मेंदूची ठेवण नारळासारखी समजा. बाहेर करवंटी, म्हणजे कवटी. तिच्या आत तीन पातळ पडदे, आणि त्यांच्यामध्ये पाणी. हे पाणी मोठ्या माणसात सुमारे दीडशे मिलिलिटर, म्हणजे चहाच्या एका कपाइतके असते. तान्ह्या मुलात त्याहून पुष्कळ कमी. शरीर ते रोज नवे तयार करते आणि जुने रक्तात परत शोषून घेते. निरोगी मुलाचे हे पाणी स्फटिकासारखे स्वच्छ असते आणि रक्तातल्या पांढऱ्या पेशी त्यात जवळजवळ नसतात. ही स्वच्छताच पुढे घात करते. रक्तात जंतू शिरला तर त्याला धरायला पहारेकरी हजर असतात; ह्या पाण्यात पहाराच नाही. एकदा आत पोचलेला जंतू तेथे मनसोक्त वाढतो.

हे जंतू फार लांबून येत नाहीत. मुख्य तिघे आहेत: न्यूमोकोकस, मेनिंगोकोकस, आणि हिमोफिलस इन्फ्लुएन्झा ब, ज्याला थोडक्यात हिब म्हणतात. (ह्या तिसऱ्याच्या नावात इन्फ्लुएन्झा असला तरी फ्लू त्याच्यामुळे होत नाही. १८९२ साली फ्लूच्या रोग्यांत तो सापडला आणि गैरसमजाने ते नाव त्याला कायमचे चिकटले.) धडधाकट मुलांच्या नाकाघशातही हे जंतू पुष्कळदा मुकाट्याने राहत असतात. एखाद्याच मुलात ते रक्तात उतरतात, आणि रक्तातून मेंदूच्या पाण्यात. नुकत्याच जन्मलेल्या बाळात जंतू वेगळे असतात, पण त्यांची करणी तीच.

हे मी मुद्दाम सांगते. मूल आत झुंजत असताना बाहेरच्या बाकावर सुनेची उलटतपासणी चाललेली मी कितीदा पाहिली आहे. "वाऱ्यावर नेलेस का?" "दही खाल्लेस का?" "दृष्ट काढली होतीस का?" भगिनींनो, ह्यांतल्या एकाही गोष्टीने हा आजार होत नाही. त्या बाकावर गेलेली दहा मिनिटेही मला फार महाग वाटतात, ती का ते पुढे येईलच.

१९३० च्या सुमारापर्यंत हिबने मेंदूच्या आवरणाचा दाह झालेले तान्हे मूल जवळजवळ हटकून दगावत असे. ह्या अंधारात पहिली खरी वाट काढली ती एका बाईने, हे ह्या मंडळात सांगताना मला विशेष आनंद होतो. न्यूयॉर्कच्या मुलांच्या इस्पितळात डॉ. हॅटी अलेक्झांडर ह्यांनी सशांच्या रक्तापासून हिबविरुद्धचा रस तयार केला आणि १९३९ पासून तो वापरून मुले वाचू लागली. जोडीला सल्फाची औषधे आली. ह्याच बाई पुढे १९६४ साली अमेरिकन पीडिएट्रिक सोसायटीच्या अध्यक्षा झाल्या. त्यानंतर पेनिसिलिन आले, इतर प्रतिजैविके आली, आणि आज योग्य इंजेक्शन सुरू झाल्यावर बहुधा एक-दोन दिवसांत मेंदूचे पाणी निर्जंतुक होते.

मग प्रश्न संपावयास हवा होता. तो संपला नाही. जंतू मेले, पाणी निवळले, ताप उतरला, आणि तरीही काही मुले दगावत राहिली. वाचलेल्यांतली काही बहिरी झाली, काहींना आकडी येऊ लागली, काही शाळेत मागे पडली. जंतू मेले असताना ही नासधूस करतो कोण?

उत्तर असे की ती पुष्कळशी आपल्याच शरीराकडून होते. जंतूच्या अंगावरील कवचाचे तुकडे पाण्यात तरंगू लागले की मेंदूतल्या पहारेकरी पेशी ते ओळखतात आणि रासायनिक हाकाटी करतात. त्या हाकेसरशी रक्तवाहिन्यांच्या भिंती सैल होतात आणि पांढऱ्या पेशींच्या झुंडी आत घुसतात. त्यांच्याजवळची शस्त्रे आपल्या घरात ठाऊक असलेलीच आहेत. जखमेवर ओतले की फसफसते ते हायड्रोजन पेरॉक्साइड ह्या पेशी स्वतः तयार करतात. एवढेच काय, त्यापासून त्या हायपोक्लोरस आम्ल बनवितात. विहिरीत टाकावयाच्या ब्लीचिंग पावडरीत जंतू मारण्याचे जे सामर्थ्य असते ते ह्याचेच. शिवाय न्यूमोकोकस हा जंतूही आपल्या पदरचे हायड्रोजन पेरॉक्साइड सोडीत असतो. म्हणजे दोन्ही बाजूंनी मारा, आणि रणांगण कोणते, तर मुलाचा मेंदू.

ह्या माऱ्याला शास्त्रज्ञ ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस म्हणतात. आपण त्याला प्राणवायूचा अतिरेकी ताण म्हणू. प्राणवायू जीवन देतो हे खरे, पण त्याची काही रूपे अतिशय झोंबरी असतात. समोर जे येईल त्याला ती चावतात. लोखंड गंजते ती प्राणवायूचीच करणी, आणि डब्यातले जुने खोबरे खवट होते तीही त्याचीच. हे खवट होणे नीट ध्यानात घ्या, कारण सगळा मुद्दा तेथे आहे. दिवाळीतल्या चकल्या महिन्याभराने का वास मारतात? तळणातल्या स्निग्ध पदार्थावर हवेतल्या प्राणवायूने काम केलेले असते. शरीरात सर्वांत स्निग्ध अवयवांपैकी एक म्हणजे मेंदू. पाणी वगळले तर त्याचे निम्म्याहून अधिक वजन स्निग्ध पदार्थांचे भरते. आणि शरीराच्या वजनाचा पन्नासावा हिस्सा असलेला हा अवयव मोठ्या माणसातसुद्धा एकंदर प्राणवायूचा पाचवा हिस्सा एकटा खातो. मुलांत तर त्याहूनही जास्त. स्निग्धपणा भरपूर, प्राणवायू भरपूर, आणि वर पांढऱ्या पेशींचा मारा. मग पेशींची आवरणे खवट होऊ लागतात.

ही माझी स्वयंपाकघरातली उपमा आहे असे समजू नका. अन्नातला खवटपणा ओळखण्यासाठी रसायनशास्त्रज्ञांची एक जुनी परीक्षा आहे. खवटपणातून निघणारा मॅलोनडायअल्डिहाइड नावाचा पदार्थ असेल तर गुलाबी रंग येतो. ह्याच परीक्षेने आजारी मुलांच्या पाठीतले पाणी तपासले गेले, आणि तो पदार्थ तेथे वाढलेला सापडला. तेलाच्या डब्याला लावलेली कसोटी मुलाच्या मेंदूला लागू पडावी ह्याचे मला पहिल्यांदा वाचले तेव्हा फार वाईट वाटले होते.

दाह आणि हा ताण एकमेकांना पेटवितात. मेंदूला सूज येते, पण कवटी ताणली जात नाही. त्यामुळे दाब वाढतो आणि बारीक रक्तवाहिन्या चेपतात. प्राण्यांवरील प्रयोगांत स्मरण आणि शिकणे ज्याच्या हाती असते तो मेंदूचा भाग विशेष जखमी झालेला दिसला. कानाचे कारण तर अगदी साधे आहे. मेंदूचे पाणी आणि आतल्या कानातला शंख ह्यांच्यामध्ये एक सूक्ष्म नळी असते आणि मुलांत ती अधिक मोकळी असते. त्या वाटेने हा वणवा कानात उतरतो. हेलन केलर ह्यांचे नाव आपण जाणता. १९५५ साली त्या भारतातही येऊन गेल्या. त्यांची दृष्टी आणि श्रवण १८८२ साली वयाच्या एकोणिसाव्या महिन्यात एका तापाने गेले. त्या वेळच्या डॉक्टरांना नेमके निदान करता आले नाही, पण तो आजार हाच असावा असे आजच्या पुष्कळ जाणकारांना वाटते.

आता एक चमत्कारिक गोष्ट. प्रतिजैविकाने जंतू फुटतो, तेव्हा त्याच्या कवचाचे आणखी तुकडे पाण्यात पसरतात आणि पहिल्या डोसानंतर थोड्याच वेळात आग जास्तच भडकते. म्हणून औषध देऊ नये की काय? छे, छे. औषध पाहिजेच, आणि तात्काळ पाहिजे. पण त्याच्या जरा आधी किंवा बरोबर आग मंदावणारे काही देता येईल का, असा विचार निघाला. अमेरिकेतील डॅलस येथे दोनशे मुलांवर डेक्सामेथासोन ह्या औषधाचा प्रयोग झाला आणि १९८८ साली तो प्रसिद्ध झाला. ज्यांना ते मिळाले नाही त्यांच्यात दोन्ही कानांनी बऱ्यापैकी किंवा त्याहून अधिक बहिरेपण आलेली मुले शेकडा १५.५ होती, मिळाले त्यांच्यात शेकडा ३.३. ह्यांतल्या बहुतेक मुलांचा आजार हिबचा होता.

येथे टाळ्या वाजवून थांबणे बरे दिसले असते. पण आफ्रिकेत मलावी देशात ६०२ मुलांवर हाच उपाय करून पाहिला, त्याचा निकाल २००२ साली आला, आणि तेथे काहीच फरक पडला नाही. तेथील मुले पुष्कळशी उशिरा आलेली, कुपोषित आणि दुसऱ्या गंभीर आजारांनी आधीच पोखरलेली होती. घर जळून गेल्यावर बंब आला तर तो कितीही चांगला असून उपयोग काय, असा मी त्याचा अर्थ लावते. हे औषध कोणाला द्यावे आणि कोणाला नाही हे डॉक्टरांनी ठरवावयाचे आहे. नवजात अर्भकांना ते देत नाहीत. उशिरा दिले तर त्याचा फायदा राहत नाही, एवढे आपण लक्षात ठेवले तरी पुरे.

आपल्यापैकी कोणीतरी आता विचारणारच, म्हणून आधीच सांगते. प्राणवायूचा ताण असेल तर तो शमविणारे पदार्थ द्यावेत का? आवळा, हळद, जीवनसत्त्वाच्या गोळ्या? प्रयोगशाळेतल्या उंदरांना असा ताण शमविणारी काही औषधे दिली तेव्हा मेंदूची हानी कमी झाली हे खरे आहे. पण मुलांत तसा गुण आल्याचे अजून सिद्ध झालेले नाही. आवळ्याचा मोरावळा जरूर करा, मुलांना आवडीने खाऊ द्या. पण ह्या तापात तो चाटवीत बसू नका.

म्हणजे आपल्या हाती काय उरले? वेळ. तासांच्या हिशेबातला वेळ.

आपल्याकडे तान्ह्या बाळाची टाळू भरण्याची रीत आहे. रोज न चुकता त्या मऊ जागेवर तेलाचा हात फिरविणारी आजी जे ओळखू शकेल ते मोठ्या यंत्राला सांगता येईलच असे नाही. बाळ शांत असताना, उभे धरलेले असताना टाळू वर आलेली, ताणलेली लागली आणि अंगात ताप असला, तर त्याच पावली इस्पितळ गाठावे. (जुलाबात टाळू आत जाते, हे त्याच्या उलट. आणि बाळ रडत असताना टाळू थोडी वर येतेच, त्याने घाबरू नये.) तान्हे मूल अंगावर पिणे सोडते, किंचाळल्यासारखे वेगळ्याच सुरात रडते, उचलून घेतले की शांत होण्याऐवजी जास्त रडते, किंवा हातापायांतले त्राण जाऊन नुसते पडून राहते. कधी ताप नसतोही, अंग उलट थंड लागते. मान ताठ होते हे आपण सगळ्या ऐकून असतो. पण वर्षाच्या आतल्या मुलात ती पुष्कळदा ताठ होतच नाही, म्हणून मानेची वाट पाहू नये. मोठे मूल डोके दुखते म्हणते, ओकते, उजेड सोसत नाही, हनुवटी छातीला टेकवता येत नाही, भलतेच बरळते किंवा झोपेतून उठत नाही. आकडी आली तर विचार करण्यासारखे काही राहतच नाही. अंगावर लाल-जांभळे ठिपके उठले तर काचेचा पेला दाबून पाहा. दाबाखालीही ठिपके दिसत राहिले तर ते मेनिंगोकोकसचे असू शकतात. सावळ्या अंगावर ते चटकन दिसत नाहीत, तेव्हा तळहात, तळपाय आणि पापणीची आतली बाजू बघावी.

मागच्या तापाची कपाटात उरलेली औषधाची बाटली कृपा करून काढू नका. तोंडाने दिलेल्या त्या दोन चमच्यांतले फारच थोडे मेंदूच्या पाण्यापर्यंत पोचते. आजार मात्र झाकला जातो आणि पुढे तपासणीत जंतू सापडेनासा होतो.

तपासणीवरून आठवले. पाठीतले पाणी काढावयाचे म्हटले की आपल्या लोकांच्या पोटात गोळा येतो. "पाणी काढले की पोर पांगळे होते" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकले आहे की आता झोपेतही उत्तर देईन. मज्जारज्जू कमरेच्या वरच संपतो; सुई त्याच्या खाली, जेथे नुसते धागे पाण्यात तरंगत असतात तेथे घालतात. १८९१ साली क्विंके नावाच्या जर्मन डॉक्टरांनी ही पद्धत सुरू केली, तेव्हापासून ती चालू आहे. क्वचित मूल फारच अत्यवस्थ असेल तर डॉक्टर स्वतःच ती पुढे ढकलतात आणि इंजेक्शन आधी सुरू करतात. पण कोणाला पांगळेपण आलेच असेल तर ते आजाराने आलेले असते. आजोबा गावाहून येऊन परवानगी देईपर्यंत चार तास थांबलेली माणसे मी पाहिली आहेत. त्या चार तासांत आत काय चालू असते ते मघाशी मी आपल्याला सांगितले.

मूल बरे होऊन घरी आले की पेढे वाटावेत, त्यात गैर काही नाही. पण त्याआधी एक काम करावे. इस्पितळातून निघण्यापूर्वी, निदान महिन्याभराच्या आत, कानांची तपासणी करून घ्यावी. आमच्याच वस्तीतल्या एका मुलाचे असे झाले की आजारातून तो उठला, चालू लागला, सगळ्यांनी देवाचे आभार मानले. पुढे दोन वर्षे तो "हट्टी", "ऐकत नाही", "मुद्दाम करतो" म्हणून बोलणी खात होता. तो खरोखरच ऐकत नव्हता, बिचारा; त्याला ऐकूच येत नव्हते. ह्या आजारानंतर आतल्या कानाच्या शंखात हाड भरू लागते, आणि ते भरून गेले की कानात बसवावयाचे कॉक्लिअर यंत्र बसविणे फार कठीण होते. म्हणून "मोठा झाला की बघू" हे येथे चालत नाही.

आणि शेवटी लस. हिबची लस आपल्या सरकारी कार्यक्रमात पेंटाव्हॅलंट ह्या नावाने मिळते. डिसेंबर २०११ मध्ये केरळ आणि तामिळनाडूत ती सुरू झाली आणि पुढे टप्प्याटप्प्याने देशभर आली. बाळ सहा, दहा आणि चौदा आठवड्यांचे झाले की ती देतात. घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात आणि कावीळ-ब ह्यांचा बंदोबस्त त्याच टोचणीत होतो. न्यूमोकोकसची लस म्हणजे पी.सी.व्ही.; ती २०१७ पासून काही राज्यांत आणि २०२१ पासून सर्वत्र मिळू लागली. तिचे डोस सहा आणि चौदा आठवड्यांना, आणि तिसरा नऊ महिने झाल्यावर. दोन्ही सरकारी केंद्रात फुकट आहेत. ज्या देशांत हिबची लस रुजली तेथे हिबचा मेंदूदाह पाहिलेला तरुण डॉक्टर सापडणे अवघड झाले आहे.

लशीच्या बाबतीत आपल्या पुण्याचाही एक वाटा आहे. आफ्रिकेत सेनेगलपासून इथिओपियापर्यंत एक पट्टा असा आहे की तेथे उन्हाळी कोरड्या दिवसांत मेनिंगोकोकसच्या साथी येत. १९९६-९७ च्या साथीत अडीच लाखांवर लोक आजारी पडले आणि सुमारे पंचवीस हजार मेले. त्या गरीब देशांना परवडेल अशी लस पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने तयार केली आणि डिसेंबर २०१० मध्ये बुर्किना फासो येथे ती मोठ्या प्रमाणावर टोचण्यास प्रारंभ झाला. ज्या 'अ' जातीच्या जंतूने एवढा अनर्थ केला होता, तो त्या पट्ट्यातून जवळजवळ नाहीसा झाला.

पी.सी.व्ही.चा नऊ महिन्यांचा डोस आपल्याकडे पुष्कळ घरांत राहून जातो असा माझा अनुभव आहे. त्या सुमारास बाळंतीण माहेराहून सासरी परतलेली असते आणि कार्ड माहेरच्या ट्रंकेत राहते. चहापाण्यानंतर मी वाचनालयाच्या खोलीत बसणार आहे. ज्यांनी नातवंडांची किंवा मुलांची कार्डे बरोबर आणली आहेत त्यांनी ती दाखवावीत. ज्यांची घरी आहेत त्यांनी शनिवारी दुपारी मंडळात आणावीत. कोणता डोस राहिला आहे ते मी पाहून सांगेन, आणि कार्डच हरवले असेल तर ते नवे करून घेण्यासाठी केंद्रात आपण बरोबरच जाऊ.